कॅटफिशला पंप लागत नाही म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका : माझे 31,780 रुपये गेले

फिश टँकच्या देखभालीचा वर्षाचा करार कुणाशी करत असाल तर आधी एकच विचारा : दर वेळी पाणी किती बदलणार? ‘पूर्ण’ असं उत्तर आलं तर पैसे खिशात ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा.

आधी हिशेब देतो, कारण ‘दोन-चार माशांसाठी एवढं काय’ हे वाक्य ऐकून ऐकून मी विटलोय. तीन फुटी टाकी, स्टँड, लाइट आणि आत बसवायचा छोटा फिल्टर, 11,800 रुपये. दहा ‘कोरी’ (कोरिडोरस जातीच्या छोट्या) कॅटफिश, 350 ला एक, म्हणजे 3,500. ‘रेअर पीस’ म्हणून गळ्यात मारलेला एक प्लेको, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासा, 4,200. वर्षाची देखभाल, आगाऊ, 6,000. ‘ऑक्सिजन लिक्विड’च्या चार बाटल्या, 650 प्रमाणे 2,600. बॅक्टेरियाची बाटली 1,100. ‘अँटी-स्ट्रेस’ नावाचं निळं पाणी 480. पहिले मासे मेल्यावर पुन्हा सहा कोरी, 2,100. एकूण 31,780 रुपये. टाकी निदान घरात उभी आहे, ती वजा केली तरी 19,980 रुपये त्या दुकानदाराने सरळ सरळ लुबाडले.

टाकी बाबांसाठी घेतली होती. बायपासनंतर त्यांचं बाहेर फिरणं बंद झालं, विक्रोळीत आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दिवसभर बघायला काहीतरी जिवंत असावं एवढाच हेतू. कोरी त्यांनीच निवडल्या. तळाशी रेतीत मिशा खुपसत घोळक्याने फिरतात, बघत बसावंसं वाटतं. मी माशांमधला जाणकार नाही आणि असायची गरजही नव्हती. डॉक्टरकडे जाताना कुणी एमबीबीएस होऊन जात नाही. जाणकार माणसालाच आपण पैसे देतो, तो जाणकार निघाला नाही तर दोष देणाऱ्याचा नसतो.

मी दुकानात विचारलं होतं, हवेचा पंप लागेल ना? तर म्हणाला, “काका, ही कॅटफिश आहे. ही वर येऊन डायरेक्ट हवा पिते. पंपाची घरघर होते, रात्री आजोबांची झोप मोडेल. त्यापेक्षा हे लिक्विड टाका, आठवड्याला दोन झाकणं. टेन्शन नका घेऊ, मी आहे ना.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. कोरी खरंच पाण्याच्या पृष्ठभागावर झेप घेते, हवेचा घोट गिळते आणि परत तळाला जाते. गिळलेल्या हवेतला ऑक्सिजन ती आतड्यातून शोषते. निसर्गात पाणी खराब झालं की तग धरायला दिलेली ही सोय आहे. एरवी अधूनमधून एखादी झेप दिसते. पण सगळ्याच्या सगळ्या कोरी एकामागून एक वर धावायला लागल्या, कल्ले भराभर हलायला लागले, तर ती गुदमरतेय. तिचा खरा श्वास कल्ल्यांतूनच चालतो, आणि कल्ल्यांना ऑक्सिजन पाण्यातूनच मिळायला हवा. बाबांना हे माझ्या आधी दिसलं. “अरे, हे सारखे वर का पळतायत?” मी दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “खेळतायत काका, खूश आहेत.” तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे, तो मेसेजही.

आता ज्या क्षणाबद्दल स्वतःचा संताप होतो तो सांगतो. त्याच्या दुकानात भिंतीला लागून टाक्यांची रांग होती आणि एकूण एक टाकीत स्पंज फिल्टर बुडबुडे सोडत होता. वर मोठा ब्लोअर, त्यातून प्रत्येक टाकीत गेलेली नळी. ज्या टाकीतून माझ्या कोरी जाळीने काढल्या, तिच्यातले बुडबुडे इतके जोरात होते की काढताना त्याने नळीला चिमटा लावला, मासे पकडले आणि चिमटा लगेच काढला. मी समोर उभा होतो. त्या दुकानात लिक्विडची एकही बाटली उघडलेली नव्हती, सगळ्या सीलबंद, फक्त विकायला. ज्या वस्तूवर त्याचा स्वतःच्या माशांसाठी विश्वास नव्हता ती त्याने माझ्या माशांसाठी दिली. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण बाजूला दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती, तो आत्मविश्वासाने बोलत होता, आणि अशा वेळी शंका काढणारा माणूस कटकट्या ठरतो. ही माणसं नेमकी त्याच भिडेवर जगतात.

देखभालीचा प्रकार तर याहून वाईट. पंधरवड्याला एक पोरगा यायचा. टाकीतलं सगळं पाणी पाइपने मोरीत सोडायचा, रेती बाहेर काढून धुवायचा, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा आणि नळाचंच ताजं पाणी टाकीत भरायचा. काच लखलखायची. घरातले सगळे खूश. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे वर धावायला लागायचे, मी फोन करायचो, आणि नवी बाटली घरी यायची.

हे का होतं ते मला नंतर एका जुन्या मासे पाळणाऱ्या गृहस्थांनी समजावलं, आणि तेव्हा डोक्यात तिडीक गेली. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीत जिवाणू वसलेले असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते थोडं थोडं पाणी बदलून काढता येतं. नव्या टाकीत ही जिवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माझ्याकडे ती बसायच्या आत तो पोरगा येऊन क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकायचा. मुंबईला नळाला येणारं पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेलं असतं, माणसांसाठी ते बरोबरच आहे, पण जिवाणूंना आणि माशांच्या कल्ल्यांना नाही. म्हणजे टाकी दर वेळी नव्याने आजारी पडणार याची व्यवस्था करूनच औषध विकलं जात होतं. त्या पोराला कदाचित माहीत नसेल. मालकाला माहीत होतं, कारण दुकानातल्या स्पंजांना तो हात लावत नव्हता, ते सगळे तपकिरी होते.

त्यात मे महिना. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 25 अंशाला लिटरमध्ये सुमारे 8.2 मिलिग्रॅम, 32 अंशाला 7.3 च्या आसपास, आणि तोही पाणी हलत असेल तर. वर अमोनियाचा विषारी भाग उष्णतेने आणि पीएच चढल्यावर वाढतो. पाणी स्थिर असलं की सगळ्यात वाईट अवस्था तळाला, आणि कॅटफिश राहतात तळालाच. आमच्या टाकीतला तो आतला फिल्टर इतका खाली बसवलेला होता की पृष्ठभाग काचेसारखा सपाट दिसायचा. पृष्ठभाग हलला पाहिजे, तिथूनच ऑक्सिजन पाण्यात उतरतो.

एका सकाळी सात कोरी रेतीवर आडव्या. पोटं पांढरी, मिशा झिजून खुंट राहिलेले. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी त्या दिवशी टाकीचा लाइट लावू दिला नाही. दुकानदार म्हणाला व्हायरस आहे, दोन मुठी मीठ टाका आणि नवा लॉट घ्या. कोरीला एवढं मीठ सोसत नाही, हेही मला नंतर कळलं. मी मीठ टाकलं, सहा नव्या आणल्या, आणि त्यातल्या चार आठवड्याच्या आत गेल्या. ‘रेअर’ प्लेकोही त्यांच्याबरोबर गेला. फोटो दाखवल्यावर कळलं, तो साधा सकर होता, कुठल्याही दुकानात शे-दीडशेला मिळणारा, आणि जगला असता तर फूटभर वाढून त्या टाकीत मावलाही नसता.

पैसे परत मागितल्यावर आवाज बदलला. “लाइव्ह आयटमची गॅरंटी नसते, काका.” मग फोन उचलणं बंद, मग ब्लॉक. बिल मागितलं तर म्हणे बिल कुणाला देतच नाही. मी पैसे यूपीआयने दिले होते आणि खात्यावर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव दिसतं, ते वाचा. दुकानाच्या नावाशी जुळलं नाही तर तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात गेलो. बाकावर बसवून ठेवलं, मग ड्यूटीवरच्या साहेबांनी विचारलं, “चोरी झाली का? नाही? मग?” मी सांगितलं, खोटं सांगून माल विकला, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. तर शेजारचा हवालदार हसला, “माशांसाठी आलेत.” साहेब म्हणाले ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा. लेखी अर्ज द्यायचा आग्रह धरला तर म्हणाले टेबलावर ठेवून जा. पोचपावतीचा शिक्का मागितला तर शिक्क्याचा माणूस जेवायला गेला होता, आणि मी असेपर्यंत तो परत आला नाही. माझ्या बापाचं मन मोडलं, माझे एकतीस हजार गेले, आणि कायद्याच्या घरी शिक्का मारायला माणूस नाही.

मग एका सरकारी कार्यालयात गेलो, कारण बाटलीवर ना उत्पादकाचं नाव, ना पत्ता, ना महिना-वर्ष, ना एमआरपी. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या बाईंनी बाटली हातात घेऊन सांगितलं, ही उघडलेली आहे, सीलबंद आणा. सीलबंद कुठून आणू? त्याच माणसाला आणखी 650 रुपये देऊन? म्हणाल्या, तो तुमचा प्रश्न. एका प्राणिमित्र संस्थेला फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि कुत्र्या-मांजरांचं असेल तर सांगा म्हणाले. स्थानिक राजकीय कार्यालयात गेलो तर कार्यकर्त्याने त्या दुकानदाराचं नाव ऐकताच चहा मागवला. तो आपलाच पोरगा आहे, मिटवून टाकू म्हणाला. अजून मिटलेलं नाही. प्रत्येकाने फक्त पुढचा दरवाजा दाखवला.

जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवाय तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत करावी लागते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. माझे कागद आता जमत आलेत : यूपीआयच्या नोंदी, व्हिडिओ, त्याचे मेसेज, रिकाम्या बाटल्या.

ज्यांच्या घरी आज मासे वर धावतायत त्यांनी बाटली शोधू नका. नळाचं पाणी बादलीत भरून क्लोरीन काढणारे हायपोचे खडे टाका, टाकीतलं पाव ते तिसरा हिस्सा पाणी काढून हे भरा, खाणं बंद करा आणि आजच्या आज पंप आणि एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावा. पाचशेच्या आत येतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलवून घ्यायचा, नळाखाली कधीच नाही. अमोनिया तपासायचं किट घ्या, थेंबांचं. मी उरलेल्यांसाठी आणलं तेव्हा नळीतलं पाणी पिवळं राहायच्या ऐवजी गडद हिरवं झालं, आणि त्या एका रंगात सगळ्या बाटल्यांचा खोटेपणा दिसला. दुकान निवडताना तळ बघा, मेलेले मासे किती वेळ पडून राहतात ते बघा, क्रॉफर्ड मार्केटला जा की कुर्ल्याला. आमच्या पाच कोरी जगल्या. पंपाची घरघर आहे, बाबांची झोप त्याने मोडत नाही.

ते दुकान चालू आहे, रविवारी गर्दी असते. मध्य उपनगरांत कुणी लेबल नसलेलं ‘ऑक्सिजन लिक्विड’ घेतलं असेल आणि बाटली अजून सीलबंद असेल तर ती उघडू नका आणि फेकूही नका. मला ती तक्रारीला जोडायला हवी आहे.