जुन्या रायफलचे पार्ट शोधणाऱ्यांनो, हा फसवणुकीचा प्रकार माहीत असू द्या

माझ्याकडे विंचेस्टरची मॉडेल ८८ आहे, ३०८ कॅलिबरची. मी विस्कॉन्सिनला राहतो, इथं थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणाचा गन सीझन, म्हणजे बंदुकीनं शिकारीचा हंगाम, सुरू होतो आणि त्याआधी मला मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) हवंच होतं, कारण जुन्याचे फीड लिप्स, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेत, काडतूस तिरकं वर येतं आणि बोल्ट पुढं घेताना अडकतं. ही रायफल १९५५ ते १९७३ एवढीच निघाली. विंचेस्टरच्याच मॉडेल १०० वाल्यांनाही हेच मॅगझिन लागतं, त्यामुळे जुनं चांगलं मिळालं तरी शंभर डॉलरच्या वर जातं.

'हवंय' अशी जाहिरात टाकली तर लगेच एकाचा मेसेज, माझ्याकडे नाही पण एका ओळखीच्या माणसाकडे आहे, त्याला ईमेल कर. इथंच सगळी गोम आहे! हा मधला आणि तो विकणारा एकच असतात. त्यानं ऐंशी डॉलर सांगितले, हिरव्या कापडावर ठेवलेल्या मॅगझिनचा फोटो पाठवला. मी म्हटलं आजची तारीख आणि तुझं नाव चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेव, तर तोही फोटो आला. नंतर मोठा करून बघितला तेव्हा कळलं, चिठ्ठीचा कागद चुरगळलेला पण अक्षरं एकदम सरळ रेषेत, घडीवरसुद्धा वाकलेली नाहीत, आणि मॅगझिनची सावली पडलीय, चिठ्ठीची नाहीच. म्हणजे फोटो कुणाच्यातरी जुन्या जाहिरातीतून उचललेला, चिठ्ठी वरून चिकटवलेली.

पैसे पेपॅलच्या फ्रेंड्स अँड फॅमिलीनंच (घरच्यांना, मित्रांना पैसे पाठवायची सोय) पाठव म्हणाला, कारण काय तर बंदुकीच्या पार्टला तिथं अडचण येते. हे कारण खरे विकणारे पण देतात, म्हणून पटतं. पण तसे पाठवलेले पैसे पर्चेस प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे खरेदीत फसलात तर पैसे परत देणाऱ्या पेपॅलच्या हमीत, येत नाहीत, माझे ऐंशी डॉलर गेलेच. वर पुन्हा इन्शुरन्सचे म्हणून चाळीस डॉलर मागितले, ते मी दिले नाहीत, तेव्हापासून उत्तर बंद.

खूप राग आलाय मला, कारण हे लोक बरोब्बर सीझनच्या तोंडावर अडलेल्या माणसाला गाठतात. आता मी चिठ्ठीवर विसंबत नाही, मॅगझिन उलटं ठेवून तळाचा फोटो मागतो, नाहीतर व्हिडिओ कॉल. आणि पैसे पोस्टल मनी ऑर्डरनं, त्यात फसवलं तर पोस्टाचे इन्स्पेक्टर मागे लागतात, म्हणून हे लोक मनी ऑर्डर म्हटलं की टाळतातच.

एफबीआयच्या आयसी३ वर, म्हणजे इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर, तक्रार केलीय. हिरव्या कापडाचा तो फोटो तुम्हालाही आला असेल तर रक्कम छोटी असली तरी तुम्ही पण करा, ईमेल आणि पेपॅलचं नाव दोन्ही टाका.