शिल्डिंग बॉक्स घेण्याआधी हे वाचा

बटन सेलवर चालणाऱ्या ब्लूटूथ सेन्सरची चाचणी घेताना मी तीन आठवडे फर्मवेअरमध्ये, म्हणजे सेन्सरच्या आतल्या कोडमध्ये, नसलेली चूक शोधत होतो. पॅकेटं, म्हणजे सेन्सरने पाठवलेले छोटे रेडिओ संदेश, गळत होती. दिवसा जास्त, रात्री कमी. कोड पुन्हापुन्हा तपासला, अँटेनाची जुळणी बदलून पाहिली. दोष होता तो ज्या शिल्डिंग बॉक्समध्ये, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या डब्यात, सेन्सर ठेवत होतो त्या डब्यात, आणि तो डबा मला धडधडीत खोटं सांगून विकला होता.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ, झिगबी, सगळ्यांची दाटी. आपलं उपकरण जेमतेम मिलिवॉटभर ताकदीने बोलणार आणि शेजारचा राउटर त्याच्या कितीतरी पट मोठ्याने. म्हणून बाहेरचा सिग्नल आत येऊ न देणारा धातूचा बंद डबा लागतो. विक्रेत्याने ८० डेसिबलची हमी दिली. म्हणजे बाहेरची ताकद आत पोहोचेपर्यंत दहा कोटींनी भागली जाणार.

व्हिडिओ कॉलवर त्याने फोन डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि थोड्या वेळाने काढून दाखवला. जीपीएसच्या ॲपमध्ये एकही उपग्रह उरला नव्हता. मला पटलं. पण जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तोच उणे १३० डीबीएमच्या आसपास (डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण), इतका क्षीण की साधा पत्र्याचा डबाही त्याला अडवतो. कुणी असं प्रात्यक्षिक दाखवलं, तर त्यावरून डब्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

सोबत प्रमाणपत्रही आलं. १० किलोहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत ८० डेसिबलची सरळ आडवी रेघ. खऱ्या डब्याचा आलेख असा कधीच नसतो, त्यात खड्डे असतात आणि वारंवारतेनुसार तो वरखाली होतो. त्यावर मानक लिहिलं होतं आयईईई २९९. ते किमान २ मीटर मापाच्या कक्षांसाठी आहे. लहान डब्यांसाठी २९९.१ हे वेगळं मानक २०१३ चं आहे. माझा डबा दोन वितींचा. हे मी आधी पाहायला हवं होतं.

एका संध्याकाळी बंद डब्यातल्या स्निफरच्या (हवेतली पॅकेटं टिपणाऱ्या उपकरणाच्या) नोंदीत बाहेर टेबलावर पडलेल्या माझ्याच हेडफोनचं नाव दिसलं. त्या क्षणी पोटात गोळा आला. मग डबा रिकामा केला, बटन सेलवरचा एक बीकन (सतत सिग्नल पाठवणारं छोटं उपकरण) आत ठेवला आणि बाहेर एक मीटरवर रिसीव्हर. झाकण उघडं असताना उणे ४१ डीबीएम, लावल्यावर उणे ६३. फक्त २२ डेसिबल! खरंच ८० असते तर उणे १२१ झाले असते आणि रिसीव्हरला काही ऐकूच आलं नसतं, कारण त्याची मर्यादा उणे ९५ च्या आसपास.

यूएसबीची केबल बाहेर काढून भोक तांब्याच्या पट्टीने बंद केलं, तर उणे ७१. भोकातून सरळ आत गेलेली केबल म्हणजे आयती अँटेनाच, तिथे फिल्टर हवा आणि विक्रेत्याने तो बसवलाच नव्हता. उरलेली गळती झाकणाच्या फटीतून. मल्टिमीटरचं एक टोक झाकणाला आणि दुसरं डब्याला लावलं, तर बीप नाही. गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, चंदेरी दिसत होतं, पण होता नुसता फोम. ते जिथे टेकायचं त्या कडाही रंगवलेल्या. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर. तिच्या जवळपास निम्मी, सहा सेंटिमीटरची फट, मग ती केसाएवढी अरुंद का असेना, उत्तम अँटेना बनते. कडांचा रंग खरवडून खरं वाहक गॅस्केट लावल्यावर उणे ९२ पर्यंत पोहोचलो, त्यापुढे पॅकेटंच येईनात.

इथे एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. रंग मी तक्रारीआधी खरवडला. विक्रेत्याने लगेच ‘तुम्ही डब्यात फेरफार केलात, वॉरंटी संपली’ म्हणून हात वर केले. त्याआधी ‘तुमच्याकडचा वायफायच फार जोरात आहे’ असंही ऐकवलं होतं, जणू डबा त्यासाठीच घेतला नव्हता. डबा आला की त्याच दिवशी मोजा, आकड्यांसकट चित्रीकरण करा, आणि तोवर स्क्रूसुद्धा काढू नका.

आता पॅकेटांची मोजणी शक्यतो हवेतून करतच नाही. बोर्डावरची अँटेना तोडून कोॲक्स (आवरण असलेली सिग्नलची केबल) जोडतो, मध्ये सिग्नल क्षीण करणारे ३० डेसिबलचे दोन ॲटेन्युएटर, आणि दोन्ही बोर्ड वेगवेगळ्या बंद डब्यांत. लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टलाही २.४ गिगाहर्ट्झजवळ गोंगाट करण्याची खोड आहे, म्हणून ब्लूटूथचा डोंगल लांब केबलवर ठेवतो.

महिन्याभराने एका ओळखीच्या इंजिनिअरने त्याच विक्रेत्याकडून घेतलेल्या मोठ्या डब्याचं प्रमाणपत्र मला पाठवलं. माप वेगळं, मॉडेल वेगळं. आलेखाची रेघ तीच होती आणि प्रमाणपत्राचा क्रमांकही तोच.