3 लाखाच्या आत जुना पिकअप: बोलेरो, छोटा हत्ती की दोस्त, आधी इंजिन बघा

मावसभावाला टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला न्यायला स्वतःची गाडी पाहिजे, बजेट 3 लाखाच्या आत, आणि तो तीन गाड्यांत अडकलाय, जुनी बोलेरो पिकअप, टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, आणि अशोक लेलँडची दोस्त. फोनवर त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण या बजेटमध्ये बहुतेकजण टायर, हौदा आणि पासिंग बघतात आणि इंजिनाचा नुसता आवाज ऐकून टोकन देऊन येतात.

बोलेरो पिकअप घ्यायची तर आधी तिच्यात कुठलं इंजिन आहे ते बघा. जुन्या गाड्यांत डीआय, मेकॅनिकल पंपाचं, नंतरच्यांत 2523 सीसीचं एम टू डीआयसीआर, म्हणजे कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपातून जास्त दाबाचं डिझेल, आणि ते कधी-किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो). विकणाऱ्याला विचारत बसू नका, बॉनेट उघडा, इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचं सॉकेट असेल तर कॉमन रेल, आणि पंपातून नुसते स्टीलचे पाईप एकेका नोझलला गेले असतील तर जुना पंप. मेकॅनिकल पंपाचं इंजिन काळा धूर मारतं, आवाज करतं, पण पंप-नोझलचं काम करणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतोच, आणि काळा धूर बऱ्याचदा नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन (डिझेलचं माप) नाहीतर नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरचा निघतो. कॉमन रेल चालवायला गोड, ओढ चांगली, धूर कमी, पण डिझेलमध्ये पाणी किंवा घाण गेली की इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप दोन्ही धोक्यात, वर स्कॅनरशिवाय कोणी हात लावत नाही. चारही इंजेक्टर एकदम करायची वेळ आली तर स्वस्तात घेतल्याचा सगळा फायदा तिथेच संपतो.

छोटा हत्ती 2005 ला आला. डिझेलवाल्यात 702 सीसी, दोनच सिलेंडर, टर्बो नाही, जेमतेम 16 एचपी, आणि इंजिन सीटखाली. इंजिन एकदम साधं आणि तिघांत दुरुस्तीला सगळ्यात स्वस्त. पण पासिंग (कागदावर माल न्यायची मर्यादा) साधारण 750 किलोचं आणि लोक भरतात त्याच्या दुप्पट, त्यामुळे इंजिन आतून किती दमलंय ते बाहेरून कळत नाही. दोन सिलेंडरचं असल्यामुळे ते चांगलं असलं तरी थरथरतंच, म्हणून व्हायब्रेशनवरून ठरवू नका, चढावर मालासकट दुसऱ्या-तिसऱ्यावर ओढून बघा.

दोस्त 2011 ची, 3 सिलेंडर, दीड लिटरचं कॉमन रेल टर्बो, सव्वा टनाच्या आसपास माल. गाडी म्हणून मला ही आवडते, पण कॉमन रेलचं जे वर सांगितलं ते हिलाही लागू, आणि घ्यायच्या आधी आपल्या गावच्या मेकॅनिकला विचारा की तू हे इंजिन उघडलंयस का आणि पार्ट कुठून आणतोस. तो जरा जरी अडखळला तर विचार करा.

आता खरं महत्त्वाचं, आणि हे मी स्वतः फसून शिकलोय. माझी पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा अर्ध्या सेल्फवर चालू झाली, मी खूश, पैसे देऊन मोकळा. विकणाऱ्याने मी पोचायच्या आधी गाडी गरम करून ठेवली होती हे दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं, सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, आणि ऐन सीझनला हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचं काम) करावं लागलं, माल दुसऱ्याच्या गाडीने गेला. तेव्हापासून मी न सांगता सकाळी लवकर जातो आणि आधी सायलेन्सरच्या पाईपला हात लावतो, कोमट जरी लागला तरी सांगतो की उद्या परत येतो.

गाडी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना चुकूनही नको, तोंड भाजेल), पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर बहुतेक हेड गॅस्केट नाहीतर हेडलाच क्रॅक. मग चालू करून ऑइलचं झाकण काढून उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं हललं तर चालतं, पण उडून पडलं आणि भोकातून भका भका धूर यायला लागला तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरचे बोअर झिजलेत, मग मॉडेल कुठलंही असो, भाव फुल इंजिनाचा खर्च वजा करूनच बोला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येऊन थांबला तर ठीक, गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी जळतंय का बघा. आणि इंजिन नुकतंच धुऊन चकाचक केलेलं असेल तर अर्धा तास चालवून परत खालून बघा, लिकेज तेव्हा दिसतं.

गाडीने आधी काय वाहिलं हेही विचारा. दुधाच्या लाईनची गाडी किलोमीटरला जास्त असली तरी मला चालते, रोज एकच रूट, माल ठरलेला. वाळू-विटांची गाडी मी कमी किलोमीटरवर पण घेत नाही.

भावाला मी शेवटी सांगितलं की रोजचा माल पाऊण टनाच्या आत असेल आणि घाट नसेल तर हत्ती घे, जास्त असेल तर मेकॅनिकल पंपाची बोलेरो शोध, मग बॉडी सडकी असली तरी चालेल, पत्रा मारता येतो. कॉमन रेल घ्यायचीच असेल तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घे, प्रत्येकाच्या रिटर्न पाईपला (ज्यातून उरलेलं डिझेल परत जातं) एकेक बाटली लावायची आणि कुठली लवकर भरते ते बघायचं, एखादी बाकीच्यांपेक्षा खूपच पुढे गेली तर तो इंजेक्टर गेलाय. विकणारा ही टेस्ट करू देत नसेल तर तिथून निघून ये.