मालवणात पाहुण्यांना स्कुबाला नेताय? पॅकेजवाल्यांपासून सावध रहा

मे महिन्यात कोकणात ज्यांचं ज्यांचं घर आहे त्या सगळ्यांकडे पाहुणे असतात. आमच्याकडेही असतात आणि मला ते मनापासून आवडतं. पण गेल्या मेमध्ये मालवणला आमची जी फसवणूक झाली ती मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण फसवणाऱ्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती बाहेरच्या पाहुण्यांवर बेतलेली आहे.

आम्ही कुडाळला राहतो. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे दादा-वहिनी आणि मुलं आली की त्यांना समुद्रच हवा असतो, घरात बसायचं नावच नाही. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, शिरवाळे, सोलकढी हे सगळं सासूबाईंनी हौसेने केलं, पण पोरांचं एकच चालू होतं, आत्या आपण पाण्याखाली कधी जायचं. मोबाईलवर तारकर्ली-मालवणचे स्कुबाचे व्हिडिओ बघूनच आले होते.

सकाळी सिंधुदुर्ग किल्ला केला. जेटीवरून होडीने गेलो, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघितला, शिवराजेश्वराच्या मंदिरात गेलो, सगळं छान झालं. परत आलो तर गाडी लावली होती तिथेच एक माणूस भेटला. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, हातात पावतीपुस्तक, बोलायला अतिशय गोड. स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना राईड, बंपर, जेट स्की, पाचही ॲक्टिव्हिटी, व्हिडिओ फ्री, माणशी २००० रुपये. आणि त्याने पहिलाच प्रश्न काय विचारला असेल तर "पाव्हणे कधीपर्यंत आहेत?" ह्यांनी सरळपणे सांगितलं की आज रात्रीच्या ट्रेनने निघणार. तेव्हा वाटलं आपुलकीने विचारतोय. आता कळतंय की त्याचा सगळा धंदा त्या एका उत्तरावर उभा आहे. रात्री ट्रेनमध्ये बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येत नाही.

ह्यांनी चार जणांचे ८००० भरले, पाहुण्यांना आपल्या गावात पाकीट काढू द्यायचं नाही ही आमच्या घरातली पद्धत. बोट आधी बुक करावी लागते म्हणून पूर्ण पैसे आधीच घेतले. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव कुठल्यातरी बाईचं आलं, विचारलं तर म्हणे आमच्या वहिनींचं खातं आहे. पावतीवर बोटीचं नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही, "५ ॲक्टिव्हिटी पेड" एवढंच लिहिलेलं आणि खाली मोबाईल नंबर.

मग त्याने आम्हाला तिथून लांब दुसऱ्या किनाऱ्यावर पाठवलं. तिथे बोटीवर आधीच गर्दी. लाईफ जॅकेटचा ढीग पडलेला, त्यातल्या कितीतरी जॅकेटचे बक्कल तुटलेले, आम्ही शोधून शोधून धड जॅकेट मुलांना घातली. फॉर्म नाही, कुणाला दमा आहे का, कानाचा त्रास आहे का, बीपी आहे का, काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्या भाचीला दमा आहे. मी स्वतःहून सांगितलं तर तिथला पोरगा म्हणाला काय होत नाय ओ, दोन मिनिटांचं तर काम. मी तिला उतरू दिलं नाही. धाकटा ८ वर्षांचा, स्कुबाला साधारण १० वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, पण पॅकेजवाल्याने "सगळ्यांना चालतं" सांगून त्याचेही २००० घेतलेले. मी त्यालाही वर ठेवलं. २४ मे २०२२ ला ह्याच तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटून २ पर्यटक गेले होते, ते इथल्या कुणीच विसरलेलं नाही, निदान विसरू नये.

दादा-वहिनी खाली गेले. तोंडात नळी, मागून एकाने धरलेलं, दोरीला धरून उभं करायचं, समोर चार मासे दिसले न दिसले की वर. पुढचे लोक रांगेत होते ना. वर आल्यावर बाकीच्या चार ॲक्टिव्हिटी कुठे विचारलं तर बोटवाले काका म्हणाले, "आमका तो माणशी ४०० च देता, फक्त स्कुबाचे. बाकीचा आमका काय ठावक नाय." ते काका खोटं बोलत नव्हते, त्यांच्या चेहऱ्यावर आमच्यापेक्षा जास्त वैताग होता. हिशोब बघा, चार माणसांचे १६०० बोटीला, राहिलेले ६४०० मधल्या मधे.

पॅकेजवाल्याला फोन लावला तर आधी म्हणे वारा आहे, पॅरासेलिंग बंद आहे. मग म्हणे बनाना राईड दुसऱ्या पार्टीकडे आहे, उद्या सकाळी या, नक्की करून देतो. त्याला माहिती होतं आज रात्री ट्रेन आहे! रिफंड मागितला तर "पॅकेजमध्ये रिफंड नसतो" आणि फोन कट.

व्हिडिओ ट्रेन सुटल्यावर व्हॉट्सॲपवर आला. वहिनीचा मास्कमधला चेहरा म्हणून जो पाठवला त्या बाईच्या हातात हिरवा चुडा होता. वहिनीच्या हातात बोटीवर चढताना साधं घड्याळसुद्धा नव्हतं, सगळं काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं होतं. म्हणजे कुणा दुसऱ्याच नव्या नवरीचा व्हिडिओ आमच्या माथी मारला, आणि वहिनीचा कुणाला गेला असेल देव जाणे. ह्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला.

पाहुणे गेले तरी आम्ही इथेच आहोत, हे त्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. ह्यांनी पावती, पेमेंटचा स्क्रीनशॉट, आलेला व्हिडिओ सगळं जोडून पोलिसात लेखी अर्ज दिला, आणि मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. अर्ज गेल्यावर ३००० रुपये आपोआप परत आले आणि मागोमाग फोन, ताई अर्ज मागे घ्या. घेतलेला नाही. घेणारही नाही.

नंतर मालवणात ह्यांच्या ओळखीचे एक बोटमालक आहेत त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले बोटीला मेरिटाईम बोर्डाचा, म्हणजे राज्याच्या बंदरांचं काम बघणाऱ्या मंडळाचा, परवाना असतो, किती माणसं बसवायची ते ठरलेलं असतं, बिनधास्त विचारा, ज्याच्याकडे आहे तो दाखवतो. प्रत्येक ॲक्टिव्हिटीचे पैसे वेगळे आणि जिथे ती होते तिथेच द्यायचे, पॅकेज घ्यायचंच नाही. स्कुबा करायचा तर आधी तब्येत विचारून फॉर्म भरून घेणारा, किनाऱ्यावर उथळ पाण्यात श्वास घ्यायला शिकवणारा माणूस बघायचा. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कुबाचं सेंटर आहे, तिथेही चौकशी करता येते. आणि मे संपत आला की पावसाळ्यासाठी हे सगळं बंद होतं, ऑगस्टपर्यंत समुद्रात कुणी नेतो म्हणाला तर अजिबात जाऊ नका, मग तो कितीही स्वस्तात देवो.

त्यांना सगळ्यात वाईट वाटत होतं ते वेगळंच. खाडीत आणि समुद्रात आयुष्य घातलेल्या माणसांची बोट, डिझेल त्यांचं, जोखीम त्यांची, आणि पार्किंगमध्ये उभा राहणारा माणूस पैसे खाऊन शिव्या मात्र मालवणला घालायला लावतो. सोलापूरला आता दादाच्या ऑफिसात सगळ्यांना "मालवणवाले लुटतात" एवढंच माहिती झालंय. मी प्रत्येकाला फोनवर सांगत बसू शकत नाही.

दादा दिवाळीनंतर परत येतोय, मुलांनीच हट्ट धरलाय. बोट ह्याच ओळखीच्या मालकांची ठरवली आहे, पैसे बोटीतून उतरल्यावर. भाची वर बसून बघणार, डॉक्टरांनी तिला नाहीच सांगितलंय.

तो माणूस परवा पुन्हा दिसला, त्याच पार्किंगमध्ये, पावतीपुस्तक नवीन आणि पॅकेजचं नावही नवीन. नंबरप्लेट बाहेरच्या जिल्ह्याची दिसली की गाडीकडे आधी तोच धावतो, आणि पहिला प्रश्न अजून तोच आहे, कधीपर्यंत आहात.