दोन फुटी टाकी, खरी झाडं आणि एक दगाबाज दगड: नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीनंतर माशांच्या टाकीतले निळे खडे, प्लॅस्टिकचा किल्ला आणि खोटी झाडं पिशवीत भरून माळ्यावर टाकली. प्लॅस्टिकच्या टोकदार पानांनी गप्पींच्या शेपट्या फाटत होत्या, एवढंच कारण. टाकी २४ बाय १२ बाय १५ इंची, वाळू-दगड वजा जाता साठेक लिटर पाणी मावतं. पाणी पुण्याच्या नळाचं, अँटी-क्लोरीनचे थेंब घालून. मासे म्हणाल तर आठ निऑन टेट्रा, चार कोरी (तळाशी फिरणारे मासे) आणि गप्पी किती ते मी मोजणं सोडलंय.

माझा अंदाज असा होता, की झाडं छळतील आणि दगड बिचारे गप्प पडून राहतील. झालं नेमकं उलटं.

दगड फुकट मिळाले. मुळशीकडे मैत्रिणीच्या शेतात बांधावर काळ्या पाषाणाचा ढीग होता, त्यातले सात-आठ उचलले, ब्रशने घासले, उकळत्या पाण्यात बुडवून ठेवले. (थेट गॅसवर उकळू नका, आत ओल अडकलेला दगड फुटू शकतो.) काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण आपला हा दगड लाव्ह्याचा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिलेल्या असतात आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं भरतात. कुठे गारगोटी, कुठे झिओलाइट, कुठे कॅल्साइट. हा शेवटचा म्हणजे चुनखडीचंच खनिज. मला नेमका पांढरे स्फटिक चमकणारा दगड सगळ्यात देखणा वाटला आणि तो मी मधोमध मांडला. मांडण्याआधी व्हिनेगर टाकून पाहिलं होतं (चुनखडी असेल तर फेस येतो), पण शहाणपण असं की काळ्या बाजूवर टाकलं! फेस आला नाही, म्हणून खूश.

दीड महिन्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) १२० वरून २१० वर गेला. आधी वाटलं, पाणी उडून जातं आणि मी वरून नळाचंच घालते, म्हणून वाढत असेल. थोडं तेही होतंच. शेवटी दोन बादल्या घेतल्या, दोन्हींत तेच पाणी, एकीत तो दगड, वर झाकण. दहा दिवसांनी नुसत्या पाण्याचा आकडा जागेवर आणि दगडाच्या बादलीत चाळीसने जास्त. मग पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर बारीक बुडबुडे. तो दगड सध्या तुळशीच्या कुंडीत शोभतोय. गप्पींना असलं जड (जास्त क्षारांचं) पाणी चालतं, किंबहुना आवडतं. निऑनना मऊ पाणी लागतं, म्हणून काढावा लागला.

दुसरी चूक वजनाची. मी दगड वाळूवर ठेवले होते. कोरी दिवसभर वाळू उकरतात. एका रात्री मोठा दगड कलंडून काचेला घासला. ओरखडा अजून आहे. आता मोठे दगड थेट तळाशी, खाली प्लॅस्टिकचा पातळ शीट आणि वाळू नंतर भोवतीने.

झाडांचं ऐका. पहिल्या आठवड्यात क्रिप्टोकोरीनची सगळी पानं विरघळून चिखल झाला. एक रोप मेलं समजून फेकलं, बाकीची आळसामुळे राहिली आणि पाच आठवड्यांनी त्यांना तळातून नवी पानं फुटली. नर्सरीत ही रोपं बहुतेकदा पाण्याबाहेर वाढवतात. ती पानं पाण्यात टिकत नाहीत, मूळ टिकतं. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. ती दोऱ्याने दगडाला बांधली. आज दोरा कुजून गेलाय, मुळांनी दगड असा धरलाय की सुटत नाही. सासूबाई गुहागरच्या, अनुबियास पाहून म्हणाल्या, “अगो, हे अळू कशाला बुडवून ठेवलंस?” हसले खरी, पण शोधल्यावर कळलं की अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन दोन्ही अळूच्याच कुळातली.

शेवाळाचा दोष झाडांचा नव्हता, माझा होता. दिवा बारा-बारा तास चालू राहायचा, केसांसारखं हिरवं शेवाळ सगळ्या पानांवर चढलं. स्वस्तातला टायमर लावून सात तासांवर आणलं, तीनेक आठवड्यांत ओसरलं. गोगलगायी झाडांबरोबर आल्या त्या आल्याच. आता खाणं कमी टाकते, त्याही कमी झाल्या. एप्रिलमध्ये सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तेव्हा घाबरले. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यात उकाड्याने गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. हल्ली रात्री एअर पंप चालू ठेवते.

पदरात काय पडलं? आधी दर रविवारी पाव टाकी पाणी बदलूनही नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठतं आणि झाडं शोषून घेतात ते) चाळीसच्या घरात असायचं. आता पंधरवड्याने बदलते आणि ते दहाच्या आसपास असतं. गप्पींची पिल्लं हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या जाळीत लपून जगतात, हा फायदा की तोटा ते तुम्ही ठरवा. झाडांना हजारेक रुपये लागले. महागडा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतला नाही, या झाडांना लागलाही नाही. गोल्डफिश असतील तर मात्र नाद सोडा, कोवळी पानं चार दिवसांत फस्त.

हॉर्नवर्ट दर दोन आठवड्यांनी मूठभर छाटावं लागतं. ते कंपोस्टच्या डब्यात घालते, नदीत किंवा ओढ्यात नाही. मुळा-मुठेवर जलपर्णीचा गालिचा रोज येता-जाता दिसतो. अमेझॉन स्वोर्ड नावाचं झाड आता पाण्याबाहेर डोकावतंय. मोठी टाकी असलेलं कुणी नेणार असेल तर द्यायचंय, मुळांसकट.