बडोद्यात बॉक्सिंग शिकायला तीन ठिकाणी गेले, तिसऱ्यात टिकले

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहीत नाहीये. तिसऱ्या क्लासच्या सरांनीच हात जोडले, म्हणाले बेन काय लिहायचं ते लिहा पण नाव नका टाकू, पंच मारायच्या बॅगा चार आहेत आणि माणसं आत्ताच अठरा झालीयेत. मांजलपूरच्या बाजूला आहे एवढं पुरे, जिला खरंच जायचंय ती शोधून काढेलच.

मी ३४ वर्षांची, मकरपुऱ्यात एका कंपनीत अकाउंट्सला, दिवसभर खुर्ची. शाळेतल्या खो-खोनंतर खेळ म्हणाल तर नवरात्रीचे नऊ दिवस, बस. माहेर दांडिया बाजारचं, आजोबा लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, तिथल्या प्रो. माणिकरावांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो, आजोबांची मुद्गलांची जोडी अजून माळ्यावर पडलीय. आणि एवढं असून घरातल्या एकाही मुलीला मूठ कशी वळायची ते कोणी सांगितलं नव्हतं. मला ते सात महिन्यांपूर्वी कळलं, आणि तेसुद्धा मनगट दुखावून घेतल्यावर.

तर पहिलं ठिकाण. अलकापुरीतली एक जिम, एसी, आरसे, निळे दिवे, बोर्डावर किकबॉक्सिंग. गाणं मोठ्ठ्याने लावायचं आणि ठेक्यावर हवेत पंच, हवेत किक, पाऊण तास. खोटं कशाला बोलू, मजा यायची, घाम यायचा, वजन कमी करायचं असेल तर जावं खुशाल. पण चौथ्या दिवशी ट्रेनरने बॅगसमोर उभं केलं आणि म्हणाला मारो जोर से मॅम. हातात ना ग्लोव्हज ना काही, मी मारला, मनगट आत वळलं. दोन आठवडे कणीक नवऱ्याने मळली, ते एक चांगलं झालं. ट्रेनर म्हणाला बर्फ लावा. माझी मूठच चुकीची होती, अंगठा बोटांच्या आत दाबलेला, हे त्याने ना आधी बघितलं ना नंतर.

दुसरं ठिकाण एकदम उलट. उघड्या मैदानावरचा ग्रुप, सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं, जिल्ह्याच्या स्पर्धांची तयारी करणारी, खरं बॉक्सिंग. तिथे पहिले दोन दिवस मला कोणी विचारलंच नाही, दोरी दिली आणि म्हणाले दीदी स्किपिंग करो. तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी जोडीदार आला नव्हता म्हणून मला सरळ स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं केलं. कोणाचा तरी ओला हेडगार्ड डोक्यावर, तो वास मी मरेपर्यंत विसरणार नाही. समोरचा मुलगा बिचारा चांगला होता, धीरे मारूंगा दीदी म्हणाला आणि त्याने हळूच मारलं असणार, पण मी डोळे गच्च मिटले होते त्यामुळे पंच आला कुठून तेच कळलं नाही, नाकातून रक्त. राग मला त्याचा नाही आला, ज्यांनी तिसऱ्या दिवशी उभं केलं त्यांचा आला. ज्या बाईला अजून डोळे उघडे ठेवता येत नाहीत तिला तुम्ही रिंगमध्ये काय म्हणून पाठवता?

आता तिसरं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

पहिल्या दिवशी एकही पंच नाही. जमिनीवर चिकटपट्टीने दोन खुणा केल्यात, त्यावर पाय ठेवायचे, डावा पुढे, उजवा मागे, मागची टाच किंचित वर, गुडघे सैल, हनुवटी खाली. आणि असंच पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकायचं, पाय एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. मला वाटलं यात काय. पण वीस वर्षं गरबा केलेल्या बाईचे पाय आहेत ते, आपोआप क्रॉस होतात! सर पलीकडून ओरडले, "बेन, पग क्रॉस नहीं करवाना, आ गरबा नथी!" सगळे हसले, मीपण हसले. मग त्यांनी का ते दाखवलं, माझे पाय एकमेकांवर असताना खांद्याला नुसतं बोट लावलं आणि मी पडता पडता वाचले. ते एक बोट मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी बँडेज. बँडेज म्हणजे मेडिकलमधलं नाही, हाताला गुंडाळायची लांब कापडी पट्टी, १८० इंची घ्या, छोटी मिळते ती मोठ्या माणसाला अपुरी पडते. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या गाठींवर तीन, मग एकेका बोटाच्या मधून काढून परत मनगटावर, शेवटी चिकटपट्टा. बोटं फाकवून बांधायचं, नाहीतर मूठ वळली की रक्त अडतं. पहिल्या वेळी मला पंधरा मिनिटं लागली आणि सोडल्यावर असा गुंता झाला की घरी आई म्हणाली, "अगं नऊवारी नेसत होतीस का हाताला?" आता दोन मिनिटांत होतं. सर बांधलेला हात दाबून बघतात, सैल असेल तर सोडून परत बांधायला लावतात, मागे लाइन लागलेली असली तरी.

मग दोन आठवडे फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच. कंटाळा आला, हे पण लिहिते. पण त्या दोन आठवड्यांत मनगट सरळ ठेवायचं, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनीच लागलं पाहिजे, मारताना श्वास सोडायचा, आणि हात गेला तितक्याच वेगाने गालापाशी परत, हे अंगात मुरलं. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, आला तेव्हा कळलं की तो हाताने मारायचाच नसतो, मागची टाच फिरते, कंबर फिरते, हात फक्त शेवटी पोचतो. ज्या दिवशी समोरच्याने हातात धरलेल्या पॅडवर तो आवाज बरोबर आला, ठाप्प असा, त्या दिवशी मी ऑफिसात उगाच सगळ्यांशी गोड बोलत होते.

बायकांच्या दृष्टीने बघितलं तर मला तीन गोष्टी पटल्या. सर कोपर किंवा कंबर सरळ करायची असली तर हात लावत नाहीत, पॅडच्या टोकाने दाखवतात, आणि लावायचाच असला तर विचारून. एक वीस-बावीसची मुलगी त्यांची असिस्टंट आहे, जे सरांना विचारायला संकोच वाटतो ते तिला विचारता येतं, पाळीच्या दिवसांत काय करायचं, स्पोर्ट्स ब्रा कसली घ्यायची, सगळं. आणि बॅच मिक्स आहे पण जोड्या वजन-उंची बघून लावतात. आमच्यात एक ५२ वर्षांच्या गुजराती काकी आहेत, सुरुवातीला वाटलं या आठवडाभरात जातील, त्यांचा लेफ्ट हुक, म्हणजे डाव्या हाताने बाजूने मारायचा पंच, आता माझ्यापेक्षा चांगला आहे, वर म्हणतात घरकाम करून खांदे तयार झालेत.

स्पॅरिंग चौथ्या महिन्यात, तेही आधी विचारून. नको म्हटलं तर नको, दोन मुली अजून करत नाहीत, त्यांना कोणी टोमणे मारत नाही. आधी फक्त जॅब विरुद्ध जॅब, १६ औंसचे जाडे ग्लोव्हज, डोक्याला गार्ड, दातात माउथगार्ड. ते गरम पाण्यात मऊ करून चावायचं असतं, मी चहाच्या पातेल्यात केलं आणि आईने ते पातेलं बाजूलाच काढून ठेवलं. तीन मिनिटांचा राउंड, मध्ये एक मिनिट. ऑलिंपिकमध्ये असे तीन राउंड असतात, टीव्हीवर बघून वाटतं चुटकीसरशी संपलं, इथे दीड मिनिटात माझे हात खाली आले होते. रात्रभर गरबा करणारी मी! पण या वेळी डोळे उघडे होते, दोन जॅब येताना दिसले, एक चुकवला. दुसरा लागला, चालायचंच.

भिंतीवर मेरी कोमचं एक उन्हाने पिवळं पडलेलं पोस्टर आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये नव्हतंच, त्याच वर्षी आलं आणि त्याच वर्षी तिने ५१ किलोत ब्राँझ आणलं. मी तेव्हा एमएस युनिव्हर्सिटीत होते, कँटीनमध्ये टाळ्या वाजवल्याचं आठवतं, आपण कधी असं काही करू असं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. शाळेतल्या मुलींना मात्र निखत जरीन जवळची वाटते, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, तिचे व्हिडिओ बघून येतात आणि सरांना हे शिकवा म्हणतात. सर म्हणतात आधी दोरी मारा.

किकबॉक्सिंग फक्त शनिवारी. हात बसल्याशिवाय पाय उचलायचा नाही असा सरांचा नियम आहे, सुरुवातीला मला राग यायचा, आता पटतं, कारण किक मारताना गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, हमखास खाली येतो. उलटंही होतं म्हणा, लवलिना बोर्गोहाईनने सुरुवात मुए थाय या थायलंडच्या लाथा-बुक्क्यांच्या खेळाने केली, नंतर बॉक्सिंगला आली आणि टोकियोत ब्राँझ घेतलं. राउंड किकमध्ये, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या किकमध्ये, उभा पाय फिरवला नाही तर गुडघ्यावर पीळ पडतो, एवढं लक्षात ठेवा, आणि नडगी पहिला महिनाभर निळीच असते. पण एक शनिवार पुरत नाही, ज्यांना खरं किकबॉक्सिंगच हवंय त्यांनी इथे येऊ नये.

आता तक्रारी. कपडे बदलायला जागा नाही, बाथरूम एकच आणि त्याची कडी अडकत नाही, बाहेर कोणाला तरी उभं करावं लागतं, हे मी तीनदा सांगितलंय. एवढं बायकांचं सगळं बघता तर चाळीस रुपयांची कडी बसवा ना! पत्र्याचं छप्पर, मे महिन्यात सकाळी साडेसहालाच भट्टी. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं होतं म्हणे, मॅटच्या खालून पावसाळ्यात अजून वास येतो. दिवाळीत दहा दिवस सुट्टी, फी मात्र पूर्ण महिन्याची. क्लासचे ग्लोव्हज पहिले पंधरा दिवस फुकट वापरायला देतात, पण त्यात हात घालण्याआधी बँडेज बांधा म्हणजे बांधाच.

स्वतःचे ग्लोव्हज घ्यायचे तर घाई नको. मी १० औंसचे गुलाबी घेतले, ऑनलाइन, फोटो बघून, आतला अंगठा टोचायचा, आता भाची खेळते त्यांच्याशी. दुसरे १२ औंसचे दुकानात जाऊन, बँडेज बांधलेल्या हाताने घालून बघून घेतले, ते बॅग आणि पॅडला बरोबर. स्पॅरिंगचे १६ औंसवाले क्लासचेच वापरते. वापरून झाले की बॅगेत कोंबून ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात घरचे बाहेर काढतील, ग्लोव्हजना आणि तुम्हाला.

सोम-बुध-शुक्र सकाळी साडेसहा, शनिवारी सात. पहिला दिवस फुकट असतो, सर काहीही गळ्यात मारत नाहीत. जाताना पाण्याची बाटली, एक टॉवेल, आणि नखं कापून जा, मूठ आवळली की तळव्यात रुततात, मी नेलपॉलिश लावून गेले होते.