युरिक ॲसिडची गोळी: ॲलोप्युरिनॉल की फेबुक्सोस्टॅट?

युरिक ॲसिड वाढल्याचा रिपोर्ट आला की सोलापूरच्या घरांत पहिली कुऱ्हाड शेंगाचटणीवर आणि डाळीवर पडते. बिचाऱ्यांचा फारसा दोष नसतो. मटण, कलेजी, बिअर आणि उन्हाळ्यात रोज प्यायलेला उसाचा रस जास्त नडतात. तरी नुसत्या पथ्याने आकडा (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) साधारण १ नेच उतरतो. वर्षात गाउटचे, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा अचानक सुजून दुखण्याचे, दोन किंवा जास्त झटके आले, सांध्यांवर गाठी दिसू लागल्या, की गोळी लागते. आकडा ७.५ आहे पण दुखत काहीच नाही, अशा बहुतेकांना लागत नाही.

शरीरातल्या हायपोझँथिन या पदार्थाचं आधी झँथिन आणि मग त्याचं युरिक ॲसिड करणारं एन्झाइम म्हणजे झँथिन ऑक्सिडेज. दोन्ही गोळ्या त्यालाच अडवतात.

ॲलोप्युरिनॉल जुनी आणि स्वस्त. सुरुवात रोज १०० मिग्रॅ, जेवणानंतर. किडनी बरीच कमजोर असेल तर ५०. मग दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त तपासून डॉक्टर डोस वाढवतात, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत. घोळ इथेच होतो. लोक वर्षानुवर्षं १०० वरच राहतात आणि गोळीला नावं ठेवतात. खरी भीती पुरळाची, तीही पहिल्या काही महिन्यांत. पुरळ, ताप, तोंडात फोड यांपैकी काहीही दिसलं तर गोळी लगेच बंद करून दवाखाना गाठायचा.

फेबुक्सोस्टॅट ४० मिग्रॅपासून, गरज पडली तर ८०. ती मुख्यतः यकृतात मोडते, त्यामुळे किडनी थोडी-मध्यम कमजोर असली तरी डोस बदलत नाही. यकृताची तपासणी मात्र हवी. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत हिच्यावरच्या रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले, २०२० च्या दुसऱ्या चाचणीत तसं दिसलं नाही. वाद मिटेपर्यंत, ज्यांना हार्ट ॲटॅक येऊन गेलाय त्यांनी ॲलोप्युरिनॉलच आधी घ्यावी. किंबहुना इतरांनीही, ती सोसत नसेल किंवा पुरत नसेल तेव्हा दुसरी.

ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय दोन्हींपैकी एकही नको. ते औषध निकामी करण्याचं कामही झँथिन ऑक्सिडेजच करतं. हे एन्झाइम अडलं की औषध साचून अस्थिमज्जा दबते, म्हणजे रक्तपेशी तयार होणं कमी होतं.

कोणतीही घ्या, पहिले काही महिने झटके उलट वाढू शकतात, कारण सांध्यातले युरिक ॲसिडचे जुने खडे विरघळू लागतात. म्हणून सोबत ३ ते ६ महिने झटके टाळणारं कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ देतात. झटका आला म्हणून चालू गोळी सोडू नये.